पाचवा बार

सगुणा तशी भित्री बाई नव्हे. भोसरीच्या माळावर तिनं एकटीनं फुरसं ठेचलं होतं. कंपनीत पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा बाकीच्या बाया कानांवर हात ठेवून मटकन खाली बसल्या, आणि ही बया आपली बाटली विसळत उभीच. पण इंग्रजीच्या वर्गात एक शब्द होता, त्याला मात्र तिची गाळण उडायची. शब्द केवढासा, तर ‘गो’.

ही गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहायला लागले होते, आणि त्यातल्याच एका कारखान्यात आसपासच्या गावांतल्या डझनभर बाया बाटल्या धुवायला लागल्या होत्या. तिथं अधूनमधून परदेशी साहेब फेरी मारायचे. साहेब बोलून चालून साहेब, गप्प कसा बसेल? ‘व्हॉट आर यू डूइंग?’ असं त्यानं विचारलं, की बाया तोंडाला पदर लावून नळामागं. शेवटी कंपनीनं ठरवलं, पाळी सुटल्यावर कँटीनच्या शेडमध्ये बायांना थोडं इंग्रजी शिकवायचं. शिकवायला इंदुताई आल्या. त्या पुण्याच्या, मॅट्रिक झालेल्या, बॉयलरवर सुपरवायझर असलेल्या मारुतरावांच्या मंडळी. मनानं निर्मळ, पण राग नाकावर.

सुरुवात झकास झाली. रोज धुते ते ‘आय वॉश’, आत्ता हात ओले आहेत आणि धुतेय ते ‘आय ॲम वॉशिंग’. हे बायांना चुटकीसरशी कळलं. सारजाबाई सगळ्यांत थोरली, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, “येवढंच व्हय? दाल्ला मारतो ते येगळं आन् दाल्ला मारतोय ते येगळं. मारतोय म्हनलं की शेजारनीनं पळत यायचं.” इंदुताईंनासुद्धा हसू आवरेना.

मग फळ्यावर ‘गो’ आला आणि गाडं अडलं.

“आय गो. मी जाते. म्हणा सगळ्यांनी,” इंदुताई म्हणाल्या. कुणी पायाच्या अंगठ्याकडं बघतंय, कुणी पत्र्याकडं.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात घरातून निघताना ‘जातो’ म्हणतं का कुणी? ‘येतो’ म्हणायचं, फार तर ‘जाऊन येतो’. नुसतं जाणारा एकच, तो चौघांच्या खांद्यावरनं जातो. ही रीत काय इंदुताईंना ठाऊक नव्हती? पुण्यातही तीच आहे. पण त्यांचं म्हणणं असं, की हे सगळं मराठीत. इंग्रजीत अपशकुन लागत नाही.

“कशावरनं लागत न्हाई?” सारजाबाईनं विचारलं. “यमाला इंग्रजी येत नसंल कशावरनं? सायबाला न्ह्यायला बी त्योच येतो की.”

“अहो, आमचे हे रोज दारात ‘आय ॲम गोइंग’ म्हणतात आणि सायकलवर टांग मारतात. लग्न झाल्यापासून म्हणतात. काय झालं? येतात ना परत?” इंदुताई हसत म्हणाल्या.

सगुणानं पटकन वाकून भुईला हात लावला आणि कपाळाला लावला. दुसऱ्याच्या कुंकवाचं असलं तरी ऐकवत नव्हतं तिला.

तोड शेवटी सगुणानंच काढली. ‘कम’ म्हणजे येणं, हे शिकून झालं होतं. मग काय, तिनं ‘गो’ला ‘कम’ची गाठ मारून टाकली. ‘आय गो अँड कम.’ बायांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून वाक्यात कुणी बाजाराला निघो, नाहीतर पाणवठ्याला, जो तो जाऊन येऊ लागला. ‘शी गोज अँड कम्स.’ इंदुताईंनी चार दिवस खोडलं, मग हात टेकले.

पण काल कंपनीचा एक हापिसर वर्ग बघायला आला. त्याच्यासमोर डझनभर बायांनी एका सुरात ‘वी गो अँड कम’ केलं, तसा तो खो खो हसत सुटला. “बाई, तुमच्या ह्या बायका पोचतात तरी का कुठं?” म्हणाला. इंदुताईंचा चेहरा लालबुंद झाला. आणि तो राग आज सगुणावर निघाला.

आजचाच दिवस नेमका वाईट. सकाळी सगुणाचं आणि तिच्या नवऱ्याचं वाजलं होतं.

नवरा म्हणजे गेनू. विहिरी फोडायचं काम करायचा. कातळाला पहारीनं भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची, पेटवायची आणि दोरानं वर येऊन पळायचं. सध्या कारखान्यामागं, भोसरीच्या वाटेवर, दौलतरावांच्या मळ्यातली विहीर त्याच्याकडं होती. माणूस हसरा, पण टिंगलीची खोड. सकाळी सगुणा चुलीपुढं भाकरी थापता थापता ‘आय ॲम कुकिंग’ घोकत होती. ह्यानं चिडवलं, “मडमीनबाई, भाकरी करपतीया, त्येला इंग्रजीत काय म्हंत्यात?” करपली होतीच. सगुणाचं डोकं फिरलं. चार शब्द हा बोलला, आठ ती बोलली. शेवटी तिच्या तोंडून निघून गेलं, “जावा यकदाचं!”

गेनूनं भाकरीचं फडकं उचललं आणि चालू लागला. रोज उंबऱ्यात थांबून ‘येतो गं’ म्हणायचा, ते आज म्हणाला नाही. त्याची पाठ कुंपणाआड दिसेनाशी झाली तेव्हा सगुणाला उमगलं, आपण काय बोलून बसलो. मागं धावावं असं वाटलं, पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, तेही वाईटच. दिवसभर ती धुतलेल्याच बाटल्या पुन्हा पुन्हा धुत होती.

आणि आता इंदुताई म्हणत होत्या, “सगुणाबाई, उभ्या राहा. तुमचे यजमान काय करतात?”

“हिरी फोडत्यात बाई.”

“मग रोज ते कुठं जातात?”

“हिरीत... हिरीत जाऊन येत्यात.”

“जाऊन येतात नाही. जातात. ‘ही गोज इन द वेल.’ पुढं काही नको. म्हणा.”

“बाई, आज नगं. उद्या म्हंते की.”

“आजच. तुम्हीच ह्या सगळ्यांना लावून दिलंय ते शेपूट, तुम्हीच तोडायचं. शब्दानं कुणी मरत नाही, सगुणाबाई. म्हणा.”

बाकीच्या बाया तिच्याकडं टकामका बघत होत्या. सगुणानं डोळे मिटले. सकाळचं ‘जावा यकदाचं’ कानात वाजत होतं, आणि ती म्हणाली, “ही गोज इन द वेल.”

“व्हेरी गुड! बसा. पाहिलंत? कोसळलं का आभाळ?”

सगुणा बाकावर टेकली, तोच पहिला बार उडाला.

शेडचे पत्रे थरथरले. दौलतरावांच्या मळ्यातला बार, रोजचाच. बायांना सवय होती, इंदुताईंनी तेवढी कानात बोटं घातली. गेनू नेहमी पाचच सुरुंग लावायचा. पाच पांडव म्हणायचा त्यांना, आणि घरी सगुणाला मोजायला शिकवलं होतं. तिचे ओठ आपोआप हलले, “धर्म.” दुसरा उडाला. “भीम.” तिसरा. “अर्जुन.” मग चौथा, जरा दबका. “नकुल.”

सगुणा वाट बघत राहिली. इंदुताईंनी बोटं काढली आणि खडू उचलला. कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. सहदेव आला नाही.

“चारच झालं,” सगुणा उभी राहून म्हणाली. “बाई, चारच झालं. पाचवा न्हाई उडाला.”

“बरं मग? नसेल लावला.”

“लावला आसंल! त्ये पाचच लावत्यात!” आणि तिला हुंदका फुटला.

सारजाबाईनं इंदुताईंना समजावून सांगितलं. न उडालेला बार म्हणजे दबा धरून बसलेला काळ. वात विझली की धुमसतेय, वरून कळत नाही. आणि विहीर फोडणाऱ्यांची रीतच अशी, की ज्यानं पेटवला त्यानंच खाली उतरून बघायचं, दुसऱ्याला पाठवायचं नाही. थेरगावला मागच्या उन्हाळ्यात बिरू असाच उतरला होता. त्याच्या बायकोच्या हातात त्याचं पागोटं तेवढं आलं.

इंदुताईंच्या हातातला खडू खाली पडला. “म्हणजे आत्ता सगुणाबाईंचे यजमान... विहिरीत उतरणार?”

उत्तर द्यायला सगुणा होती कुठं तिथं? ती केव्हाच शेडबाहेर पळाली होती.

ती पळत होती आणि तिच्या डोळ्यांपुढं ते पागोटं येत होतं. बिरूच्या बायकोनं ते मांडीवर घेऊन दिवसभर घड्या घातल्या होत्या, सगुणानं स्वतः पाहिलं होतं. आपण सकाळी म्हणालो जावा. दुपारी भर वर्गात म्हणालो जातो, वर कुठं जातो तेही सांगितलं. यमाला पत्ता द्यायचा बाकी ठेवला नाही! बाभळीचा काटा पायात गेला तो तिनं काढलासुद्धा नाही. मागून कुणीतरी “थांबा, सगुणाबाई, थांबा” म्हणत होतं. इंदुताई होत्या. एक चप्पल पायात, एक तुटलेली हातात, लुगड्याला कुसळं, आणि धापा टाकत त्याही पळत होत्या.

मळ्यात विहिरीपासून लांब, आंब्याखाली माणसं जमली होती. फक्त दोघं विहिरीच्या काठावर होते. एक गेनू आणि दुसरा त्याचा जोडीदार दत्तोबा. दत्तोबाच्या उजव्या हाताची दोन बोटं अशाच एका बारानं नेली होती.

“आरं, आनखी दम धर,” दत्तोबा म्हणत होता. “काय घाई हाय?”

“दम धरला की मगापासनं. उजेड गेल्यावर काय दिसनार? आन् सकाळच्याला दौलतरावांचं गडी उतरायचं हायती. त्यांच्या पायाखाली ठिवू व्हय त्यो?” गेनूनं दोर कमरेला बांधला आणि पाण्याची बादली जवळ ओढली. भोकात पाणी ओतून दारू मारायची होती.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा सगुणा ओरडली ती नुसतं “आवं!” आंब्याखालचे पाचसहा नवरे एकदम वळले. गेनूनंही वळून बघितलं.

“तू कशाला आलीस हितं? हो मागं!” त्याच्या आवाजात सकाळची धग होतीच.

सगुणाला खूप बोलायचं होतं. चुकलं माझं, भाकरी करपली होती, उतरू नका, आणि उतरायचंच तर तेवढा एक शब्द बोलून उतरा. पण ‘येतो’ हा शब्द मागून घ्यायचा नसतो, निघणाऱ्यानं तो आपणहून द्यायचा असतो. शेवटी ती म्हणाली, “भाकरी खाल्ली न्हवं?”

“खाल्ली,” तो म्हणाला, आणि पाठ फिरवून त्यानं पाय विहिरीत सोडला.

“थांबा!”

किंचाळी एवढी मोठी, की दत्तोबाच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. इंदुताई काठापर्यंत आल्या होत्या, केस सुटलेले, हातात तुटकी चप्पल. “अहो, असे काय निघालात? ‘येतो’ म्हणा आधी! मोठ्यानं म्हणा!”

कंपनीच्या इंग्रजीच्या बाई आपल्यावर ओरडतायत म्हटल्यावर गेनू गडबडला. मुंडासं सावरत म्हणाला, “येतो, बाई.”

“मला नाही हो! तिला म्हणा!” आणि त्या रडायलाच लागल्या.

गेनूनं सगुणाकडं बघितलं. तिचा रक्ताळलेला पाय बघितला. त्याच्या तोंडावरचा ताठा उतरला. “येतो गं,” तो म्हणाला. “हितंच हाय मी. आलोच बग.”

आणि त्याचं डोकं काठाखाली गेलं.

दत्तोबानं सगळ्यांना मागं हटवलं. सगुणा हटली, पण आंब्यापर्यंत गेली नाही, मधल्या बांधामागं बसली. इंदुताई तिला चिकटून बसल्या. कप्पी कुरकुरत होती. मग कुरकुर थांबली, म्हणजे तो तळाला पोचला. खालून खोकला ऐकू आला. बादलीची कडी वाजली. मग काहीच नाही.

भीती अंगात कशी शिरते ते सगुणाला त्या दिवशी कळलं. देवाचं नाव घ्यावं तर एक देव आठवेना. तोंडात आलं ते भलतंच. “ही गोज अँड कम्स,” ती पुटपुटली. “ही गोज अँड कम्स. ही गोज अँड कम्स.” सकाळी सोडलेला शब्द, दुपारी सोडलेला शब्द, सगळे गाठ मारून ती मागं ओढून आणत होती.

विहिरीत धाडकन काहीतरी पडलं. आंब्याखालची माणसं भुईसपाट झाली. इंदुताईंनी सगुणाच्या दंडात नखं रुतवली आणि डोळे गच्च मिटून त्याही मोठमोठ्यानं सुरू झाल्या, “ही गोज अँड कम्स, ही गोज अँड कम्स.” दगड होता, भिंतीतला सुटलेला. पण हे कळेपर्यंत दोघींचा अर्धा जीव गेला होता. दत्तोबा दोराला हात लावून वाकून बघत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

दोराला हिसका बसला. एक, आणि लगेच दुसरा.

“वढा!” दत्तोबा ओरडला. माणसं धावली. कप्पी पुन्हा कुरकुरली, आणि काठावर आधी मुंडासं आलं, त्याच्याखाली गेनूचं डोकं होतं. सगुणानं आधी ते नीट बघून घेतलं, मुंडाशाखाली डोकं आहे ना ते. मगच ती उठली.

गेनू कमरेपर्यंत ओला. त्याच्या मुठीत अर्धी जळलेली, भिजून लोळागोळा झालेली वात होती. “पाणी लागलंय!” तो हसत ओरडला. “चौथ्या बारानं झराच फोडला. त्यानंच इजवली पाचव्याची वात.” तिकडं दौलतरावांच्या माणसांनी एकच गिल्ला केला. गेनू सगुणाजवळ आला आणि हळूच म्हणाला, “आन् तुमी दोघी काय गं भजन लावलं व्हतं वर? खालनं सगळं ऐकू येत व्हतं.”

सगुणानं त्याच्या छातीवर दोन गुद्दे मारले, चारचौघांत. मग लाज वाटून पदर तोंडाला लावला.

परतताना इंदुताईंना धड चालवेना, म्हणून सगुणा आणि गेनू त्यांना कंपनीच्या कॉलनीपर्यंत पोचवायला निघाली. वाटेत इंदुताई एकदाच म्हणाल्या, “माझं चुकलं, सगुणाबाई.” सगुणा म्हणाली, “न्हाई बाई, सकाळी मीच...” आणि तिनं पुढचं गिळलं.

दिवस कलला होता. कारखान्याचा भोंगा झाला. कॉलनीच्या फाटकात मारुतराव सायकल घेऊन उभे, संध्याकाळच्या पाळीला निघालेले. बायकोचा अवतार बघून ते चकित झाले. “अगं, होतीस कुठं इतका वेळ? आणि हे काय? बरं, आल्यावर सांग, बॉयलरवर खोळंबलेत सगळे.” त्यांनी सायकलवर टांग मारली आणि रोजच्यासारखे हसत ओरडले, “ओके, आय ॲम गोइंग!”

इंदुताईंनी हातातली चप्पल टाकली आणि धावत जाऊन सायकलचं कॅरियर दोन्ही हातांनी धरलं. सायकल डगमगली.

“अगं, पडेन ना मी!”

“अँड कमिंग म्हणा.”

“काय?”

“गोइंग अँड कमिंग. म्हणा आधी.”

“अगं, असं इंग्रजी नसतं,” मारुतराव हसले.

“नसू दे.”

त्यांनी मागं वळून बायकोच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांचं हसू मावळलं. “आय ॲम गोइंग,” ते हळूच म्हणाले, “अँड कमिंग.”

तेव्हा कुठं इंदुताईंनी सायकल सोडली. सायकल वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या रस्त्यातच उभ्या होत्या. बॉयलरच्या चिमणीतून धूर निघत होता, तिकडं त्यांची नजर होती आणि ओठ हलत होते. सगुणा गेनूला ‘आले हं’ म्हणाली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि तिनंही त्यांच्याबरोबर म्हणायला सुरुवात केली.